उन्हाळ्यातल्या कार्यक्रमाला फळांचं कॉकटेल: शेवटच्या ग्लासापर्यंत चव टिकवायची कशी?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सांगलीत विश्रामबागला तुमचं घर. मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, गच्चीवर ६० माणसं. त्यात लहान मुलंही आहेत आणि शुगर असलेले ज्येष्ठही. दारू नाही, पण पाहुणे आल्या आल्या हातात काहीतरी थंडगार, फळांचं, जरा मिरवण्यासारखं पडावं अशी तुमची इच्छा आहे. गेल्या वर्षी एका वाढदिवसाला तुम्ही मोसंबी, अननस, बाटलीतला क्रश, सोडा आणि बर्फ हे सगळं पाच वाजता एका मोठ्या पातेल्यात एकत्र केलं. पहिल्या आलेल्यांनी वाहवा केली. सातच्या सुमारास मात्र ते पाणचट, बिनगॅसचं आणि किंचित कडू झालं होतं. म्हणून आता चांगली रेसिपी आणि ६० माणसांचं प्रमाण हवंय.

मी मिरजेत केटरिंग करते आणि मार्च ते जूनमधल्या बहुतेक ऑर्डरींत वेलकम ड्रिंक असतंच. तुमच्या वर्णनावरून सांगते, फळांची निवड वाईट नव्हती. बिघडलं ते एकत्र करण्याच्या वेळेमुळे. पाणचटपणा, गेलेला गॅस आणि कडवटपणा यांची कारणं वेगवेगळी आहेत, पण सगळं दोन तास आधी एका भांड्यात गेल्यामुळे ती एकदम उगवली. फळाचा रस घट्ट ठेवायचा, बर्फ पडण्याआधीच तो चांगला गार करायचा, आणि सोडा व बर्फ थेट ग्लासात घालायचे. एवढं पाळलं तर फळ कुठलंही घ्या, शेवटचा पाहुणाही पहिल्याइतकाच खूश होऊन जाईल.

आता कारणं. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि गच्चीचा स्लॅब संध्याकाळी सातपर्यंत उष्णता सोडत राहतो. अशा ठिकाणी साध्या तापमानाच्या रसात बर्फ टाकला की त्यातला निम्माशिम्मा आधी रस गार करण्यातच वितळतो. म्हणजे पहिला ग्लास भरायच्या आतच पेयात भरपूर पाणी शिरलेलं असतं. रस आधीच बर्फासारखा गार असेल तर ग्लासातल्या तीन खड्यांना फक्त तो गारवा टिकवायचा असतो, ते हळू विरघळतात. सोड्याचंही तसंच. कोमट सोड्यातला गॅस बाटली उघडताच उडतो, गार सोडा तो धरून ठेवतो. त्यात पातेल्यात डाव फिरवला की उरलासुरलाही जातो. मीठ, चाट मसाला यांची चिमूट सोड्यावर पडली की फसफसून वर येतं ते पाहिलं असेल. दिसायला छान दिसतं, पण तो गॅस ग्लासातून निघून चाललेला असतो. म्हणून मीठ रसात घालायचं, सोड्यावर कधीच नाही.

कडवटपणा मोसंबीचा. मोसंबी-संत्र्याचा रस काढल्याबरोबर गोड लागतो, पण ठेवला की काही वेळाने कडवट होत जातो. फळातच असलेला एक घटक रस निघाल्यावर हळूहळू कडू रूप घेतो. बिया किंवा सालीखालचा पांढरा भाग मिक्सरमध्ये गेला तर आणखी लवकर. गाड्यावर मोसंबीचा रस पिळून लगेच हातात देतात, त्यामागे हेच शहाणपण आहे. ६० माणसांसाठी आधी काढून ठेवायचा असेल तर मोसंबी बाजूला ठेवा.

मग कुठलं फळ? हे सर्वस्वी तुमच्या तारखेवर आणि त्या आठवड्यात बाजारात काय आलंय त्यावर ठरेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये कार्यक्रम असता तर मी डोळे मिटून काळी द्राक्षं सांगितली असती. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ एवढ्या जवळ असताना दुसरं काही शोधायचं कारणच नाही. साताऱ्याकडचं कुणी वाचत असेल तर मार्च-एप्रिलपर्यंत महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी आणि नंतर थोडे दिवस तुती, यांच्यासारखी गोष्ट नाही. पण मे महिन्यात ताजी स्ट्रॉबेरी संपत आलेली असते आणि द्राक्षांचे मांडव रिकामे होऊन छाटण्या लागलेल्या असतात. त्या काळात भरवशाचं, भरपूर रसाचं आणि खिशाला परवडणारं फळ म्हणजे कलिंगड.

नुसत्या कलिंगडाचा रस मात्र सपक लागतो. गोड आहे, गार आहे, पण दोन घोटांनंतर कंटाळा येतो. त्याला आंबट जोड लागतेच. बरेच जण लिंबू पिळतात. मी कोकम वापरते. घाटाखालून येणारी आमसुलं आपल्याकडे कुठल्याही किराणा दुकानात मिळतात, आंबटपणा लिंबापेक्षा गोलसर असतो, रंग कलिंगडाच्या लालीत इतका सुंदर मिसळतो की खाण्याचा रंग घालावा लागत नाही, आणि उन्हाळ्यात लिंबाचे भाव कडाडतात तेव्हा खर्चही आटोक्यात राहतो. सोबत आल्याचा रस. आल्याची झणझण सोड्याबरोबर नाकापर्यंत जाते, त्यामुळे ज्यांना सरबत नको, काहीतरी कडक हवं असतं तेही समाधानी होतात.

हापूस का नको, हा प्रश्न येणारच, मे महिना आहे ना. आंब्याचा गर जड असतो. सोड्यात घातला की जाड फेस येतो, खाली गर बसतो आणि आंब्याचा वासही दबतो. चांगला हापूस मिळाला तर जेवणात आमरस करा, त्याचा मान तिथे आहे.

आपल्याकडे आइस्क्रीम, जेली आणि फळांच्या फोडी घालून दुधाळ कॉकटेल करतात, तेही कुणी सुचवेल. खायला मला स्वतःला फार आवडतं. पण ६० माणसांना गच्चीवर देणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात घ्या. कच्चा अननस दुधात किंवा आइस्क्रीममध्ये थोडा वेळ राहिला तरी ते कडू पडतं, कारण अननसातलं पाचक द्रव्य दुधातली प्रथिनं तोडतं. अननस साखरेत शिजवून घेतला तर हा त्रास होत नाही. आणि दुधाचा पदार्थ उष्म्यात फार वेळ बाहेर ठेवणं धोक्याचं असतं. जेवणानंतर, थेट फ्रीजमधून वाटीत देणार असाल तर जरूर करा.

आता प्रमाण. २०० ते २५० मिलीचा ग्लास धरा. एका ग्लासात ९० मिली कलिंगडाचा रस, २० मिली कोकम-आल्याचा पाक, ५० मिली सोडा, बर्फाचे तीन खडे आणि चार गोठवलेली द्राक्षं. माणशी दोन ग्लास धरले तर १२० ग्लास होतात. सगळेच दोन घेतील असं नाही, पण मुलं तीन-तीन घेतात, म्हणून हिशेब बरोबर बसतो.

१२० ग्लासांना ११ लिटरच्या आसपास कलिंगडाचा रस लागेल. साल, बिया, चोथा वजा जाता किलोमागे साधारण ५५० ते ६०० मिली रस निघतो, म्हणून २० किलो कलिंगड घ्या, चार-चार किलोची पाच फळं. फार मोठी घेऊ नका, एक फिकं निघालं तर बाकीच्या चारांत ते खपून जातं. फळ उचलून पाहा, आकाराच्या मानाने जड वाटलं पाहिजे. जमिनीवर टेकलेल्या बाजूचा डाग गडद पिवळा असावा. तो पांढरट असेल तर फळ वेलावर पुरतं पिकलेलं नाही.

पाकासाठी एक किलो साखर आणि एक लिटर पाणी. साखर विरघळून एक उकळी आली की बंद करा, तार यायला नको. २५० ग्रॅम आमसुलं घ्या. त्यांना बऱ्याचदा मिठाचा हात लागलेला असतो, म्हणून एक तोंडात टाकून पाहा आणि खारट असतील तर पटकन पाण्यातून काढा. मग लिटरभर गरम पाण्यात तीन तास भिजवा, हाताने कुस्करा आणि गाळा. पाणी गर्द जांभळट लाल येईल आणि गाळणीवर आमसुलं फिकी, मऊ होऊन राहतील. ती अजून काळी आणि चिवट दिसली तर अर्क पुरता उतरलेला नाही, आणखी तासभर ठेवा. १०० ग्रॅम आलं किसून पिळा आणि तो रस थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाशी पांढरा साका बसतो तो सोडून वरचा रस घ्या, नाहीतर पेय गढूळ दिसतं. हे तिन्ही एकत्र केलं की सव्वादोन ते अडीच लिटर पाक होतो. दोन चमचे साधं मीठ आणि एक चमचा पादेलोण यातच घाला. शेवटी चव बघून आंबटपणा कमी वाटला तर सात-आठ लिंबं पिळा. आयतं आगळ, म्हणजे कोकमाचा तयार घट्ट रस, वापरणार असाल तर त्यात मीठ भरपूर असतं, तेव्हा वरचं मीठ अजिबात घालू नका.

पाक तोंडात घातल्यावर अतिशय तीव्र वाटला पाहिजे. घाबरून त्यात पाणी ओतू नका. आणि अंतिम चव नेहमी बर्फ घातलेल्या ग्लासाचीच घ्या. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. स्वयंपाकघरात कोमट रस चाखून ‘पुरे झालं गोड’ म्हटलं की गच्चीवर तो फिका लागतो.

द्राक्षांचं मात्र आजच मनावर घ्या. तुम्ही एप्रिलमध्ये विचारताय हे बरं झालं, कारण हंगामाच्या शेवटची द्राक्षं अजून बाजारात आहेत. अडीच किलो बिनबियांची घ्या, शरद किंवा सोनाका, जी कडक मिळतील ती. फवारणीचा अंश कमी व्हावा म्हणून वाहत्या पाण्याखाली धुवा, १५ मिनिटं मीठ घातलेल्या पाण्यात ठेवा आणि पुन्हा धुवा. देठापासून सोडवून पंच्यावर पसरून पूर्ण कोरडी करा, मग ताटात एकेरी पसरून फ्रीजरमध्ये. दगडासारखी झाली की पिशवीत भरा. ओली ठेवलीत तर सगळा एक गोळा होतो आणि आयत्या वेळी आपटत बसावं लागतं. ही द्राक्षं ग्लासात बर्फाचं काम करतात, पाणी सोडत नाहीत, आणि पेय संपल्यावर तळाशी गार गोड खाऊ उरतो. पाहुणे पेयाबद्दल नंतर आठवणीने विचारतात ते बहुतेक या द्राक्षांमुळेच. पाच वर्षांखालच्या मुलांच्या ग्लासात मात्र अख्खं द्राक्ष अजिबात टाकू नका, घशात अडकतं. त्यांच्यासाठी कलिंगडाचे बारीक तुकडे ठेवा.

सोडा साडेसात-आठशे मिलीच्या दहा बाटल्या. हिशेबाने आठ लागतात, पण उघडलेली बाटली थोड्या वेळात मरते, म्हणून दोन जास्त. एका वेळी एकच बाटली उघडायची हे वाढणाऱ्याला बजावून सांगा.

यापुढची खरी अडचण जागेची आहे. घरच्या फ्रीजमध्ये ११ लिटर रस आणि दहा बाटल्या मावत नाहीत, त्यात जेवणाचे पदार्थ असतातच. यावर माझा उपाय असा: दूधवाल्यांकडे असतात तशा झाकणाच्या दोन स्टीलच्या किटल्या मिळवा. ॲल्युमिनियमच्या नको, आंबट रसाला त्या चालत नाहीत, आणि कल्हई नसलेलं पितळेचं किंवा तांब्याचं भांडंही नको. एका मोठ्या टबात बर्फाच्या लादीचे तुकडे, त्यात बर्फ अर्धा बुडेल एवढं पाणी आणि तीन-चार मुठी जाडं मीठ घाला. पाणी हवंच, कारण नुसता बर्फ भांड्याला इथे-तिथे टेकतो, पाणी चहूबाजूंनी लागतं. मिठामुळे ते पाणी शून्याच्याही खाली जातं. या टबात रसाच्या किटल्या आणि सोड्याच्या बाटल्या अधूनमधून हलवत तासभर ठेवल्या तर फ्रीजची आठवणही येत नाही.

लादीचा बर्फ पेयात घालू नका, ताई, हे अगदी कळकळीने सांगते. तो कुठल्या पाण्याचा आहे आणि कुठल्या पोत्यातून आलाय हे आपल्याला माहीत नसतं. खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळसर रंग द्यावा असा २०१८ पासून नियम आहे, पण पांढरा दिसला म्हणून तो खाण्याचाच असं धरून चालू नये. ग्लासासाठी पिण्याच्या पाण्याचे पाकीटबंद क्यूब आणा, दहा किलो पुरतील. टबासाठी लादीचा २०-२५ किलोचा तुकडा.

वेळापत्रक सांगते. आदल्या दिवशी पाक करून फ्रीजमध्ये. कार्यक्रमाच्या दिवशी तीनच्या सुमारास कलिंगडं अख्खी असतानाच सालीवरून नीट धुवा, कारण सुरी सालीवरची माती थेट गरात नेते. फोडी करा, दिसतील त्या काळ्या बिया काढा आणि मिक्सर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवला तर बिया दळल्या जातात, रसाला कच्चट चव येते आणि फेस होतो. मोठ्या भोकांच्या चाळणीतून गाळा, लगेच किटलीत, लगेच टबात. हे चारच्या आत उरकाच. मे महिन्यात संध्याकाळी वळीव कधी येईल आणि लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, मिक्सरच्या भरवशावर पाच वाजेपर्यंत थांबू नका. आदल्या दिवशी काढलेल्या कलिंगडाच्या रसाला शिळकट वास येतो, तेव्हा तोही मोह नको.

पाहुणे येऊ लागले की एका माणसाला फक्त याच टेबलावर उभं करा. क्रम असा: आधी द्राक्षं आणि बर्फ, मग पाक, मग गार रस, एकदा चमचा खालून वर फिरवायचा, आणि शेवटी सोडा ग्लासाच्या कडेने सोडायचा. त्यानंतर ढवळायचं नाही. पुदिन्याची दोन पानं तळहातावर ठेवून एक टाळी वाजवायची आणि वर टाकायची. वाटलेला पुदिना काळपट पडतो आणि गवतासारखा लागतो, अख्ख्या पानाचा नुसता वास पुरतो. सब्जा आवडत असेल तर २० मिनिटं भिजवून ग्लासात चमचाभर घाला, नळाच्या जारमध्ये मात्र टाकू नका, तोटी तुंबते. खरं तर नळाचा जार या पेयाला नकोच, त्यात सोडा आधी घालावा लागतो आणि आपण पुन्हा तिथेच येतो.

शुगर असलेल्या मंडळींबद्दल. वरच्या मापाने एका ग्लासात आठ ग्रॅमच्या आसपास वरची साखर जाते आणि कलिंगडाची स्वतःची साखर वेगळी, त्यामुळे ‘साखर घातली नाही’ म्हणून नुसता कलिंगडाचा रस त्यांना देणंही बरोबर नाही. कोकमाचं पाणी साखरेच्या पाकात मिसळण्याआधी त्यातलं थोडं बाजूला काढा. त्यात आलं, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला, वर गार सोडा आणि पुदिना. ग्लास तोच, रंग जवळपास तोच, त्यामुळे कुणाला आपल्याला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही. पन्नास वर्षांचा संसार ज्यांचा साजरा करतोय त्यांनाच पथ्य असेल तर हे फार महत्त्वाचं आहे. फळाच्या दोन फोडी चालतील की नाही हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असेलच, ते प्रमाण पाळा.

काही गोष्टी तुम्हालाच ठरवाव्या लागतील. कलिंगडं फारच गोड निघाली तर पाक २० ऐवजी १५ मिली करा. स्वयंपाकघर तळमजल्यावर आणि कार्यक्रम तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर असेल तर टब पाणी-बर्फ घालण्याआधीच वर नेऊन ठेवा, भरल्यावर तो हलत नाही. माणसं ६० ची ८० झाली तर रस वाढवायच्या भानगडीत पडू नका, सोडा ५० ऐवजी ६५ मिली करा आणि दुसरा ग्लास लहान भरा. पाक तीव्र असल्यामुळे तेवढं तो सहज सांभाळून नेतो.

कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी घरच्या चार जणांसाठी एकदा करून बघा. ३६० मिली रस, ८० मिली पाक, २०० मिली सोडा. आमसुलांचा आंबटपणा दुकानागणिक बदलतो, तो त्यातच कळेल.

उरलेला पाक कोरड्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये आठवडाभर सहज राहतो, पाण्यात घालून रोजचं सरबत होईल. टबात गार राहिलेला कलिंगडाचा रस त्याच रात्री संपवा, नाहीतर साच्यात ओतून मुलांसाठी कुल्फीच्या काड्यांवर गोठवा. टेबलावर तासाभरापेक्षा जास्त उघडा राहिलेला रस मात्र जपून ठेवू नका, ओतून द्या.